मलय केरिस: पातं न कापता त्याची घडाई कशी ओळखायची?

लोहशोधक

एका संग्रहातल्या मलय केरिसची, म्हणजे मलय खंजिराची, तांत्रिक नोंद करायची आहे. नमुना कापायला परवानगी नाही, कानस लावायचीही नाही. मूठ सहज निघते, त्यामुळे मुठीत जाणारा देठ, म्हणजे पुतिंग, उघडा पाहता येतो.

मापं अशी: गांजापासून (पात्याच्या बुडाशी बसणारा रुंद आडवा तुकडा) टोकापर्यंत पातं ३४ सें.मी., लुक, म्हणजे पात्याची नागमोडी वळणं, ९. बुडाशी, गांजा धरून, रुंदी ७.५ सें.मी. मधल्या भागात रुंदी २४ मि.मी. आणि मधल्या कण्यावर जाडी ६ मि.मी. देठ ६ सें.मी. लांब, मुळाशी ७ मि.मी. जाड. मूठ काढून वजन २४० ग्रॅम.

दोन्ही धारांलगत साधारण ३ मि.मी. रुंदीचा एकसारखा काळपट पट्टा आहे, त्यात रेषा नाहीत. कण्यापासून त्या पट्ट्यापर्यंत ८ उजळ रेषा मोजता येतात, कुठे ७. पाचव्या लुकाजवळ धारेला समांतर अशी ४ मि.मी. लांबीची बारीक फट आहे. पृष्ठभागावरचा जुना काळा रंग ठिकठिकाणी उडाला आहे.

सोबतच्या चिठ्ठीत ‘तेरेंगानू, १८वे शतक, अशनीचे लोखंड’ एवढंच लिहिलेलं आहे (तेरेंगानू हे मलय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचं राज्य). प्रश्न पाच. आत पोलादी गाभा आहे का? थर किती, घड्या किती? लुक ठोकून वळवलेत की कानशीने कापलेत? अशनीचा दावा तपासता येतो का? आणि नक्षी नीट दिसावी म्हणून पुन्हा आम्ल लावावं का?

ऐरण_घण

निम्मं उत्तर तुमच्या मापांतच आहे.

आधी घडाईचा क्रम, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. साधं लोखंड आणि पामोरचं, म्हणजे नक्षीच्या उजळ रेषा देणारं, लोखंड एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून एकजीव करतात. ती पट्टी लांबवून दुमडतात, पुन्हा जोडतात. अशी थरांची पट्टी तयार झाली की तिचे दोन तुकडे, मध्ये पोलादाची पातळ पट्टी, आणि तिन्हींचा मिळून एक जोड. पुढे पातं लांबवायचं, बूड रुंद करायचं, गांजासाठी तुकडा वेगळा काढायचा, देठ ओढायचा, लुक घालायचे. उतार आणि बुडाची कलाकुसर कानस-छिन्नीने. पाणी देणं (तापवून विझवणं) सगळ्यात शेवटी.

आता तुमचा काळपट पट्टा. पात्याचा छेद सरळ उताराचा समभुज चौकोन धरा: निम्मी रुंदी १२ मि.मी., निम्मी जाडी ३ मि.मी. गाभा सपाट पट्टीसारखा मधोमध असेल, तर उतार घासताना वरचे थर संपतात तिथून गाभा उघडा पडतो. पट्ट्याची रुंदी भागिले निम्मी रुंदी = गाभ्याची जाडी भागिले एकूण जाडी. ३ भागिले १२ म्हणजे पाव. ६ मि.मी.चा पाव म्हणजे गाभा सुमारे १.५ मि.मी. आणि दोन्ही अंगांना पामोरचा थर प्रत्येकी सुमारे २.२५ मि.मी.

यातून दुसरी गोष्टही निघते, आणि ती जास्त महत्त्वाची. उतार घणानेच काढला असता तर गाभा आणि वरचे थर एकाच प्रमाणात चेपले गेले असते. पामोर अगदी धारेपर्यंत आलं असतं, पट्टा दिसलाच नसता. म्हणजे हा उतार बहुतांशी धातू काढून केलेला आहे. घणाने मुख्यतः लांबी-रुंदी दिली, छेद कानशीने आला.

रेषांचंही तसंच गणित. २.२५ मि.मी. जाडीचे थर उतारावर ९ मि.मी.मध्ये पसरलेत, म्हणजे तुम्हाला ते चौपट फाकलेले दिसतात. दोन उजळ रेषांमधलं दिसणारं अंतर साधारण १.१ मि.मी., खरं अंतर ०.२८ मि.मी.च्या आसपास. पामोरचे उजळ थर प्रत्येक अंगाला ८. एका उजळ पट्टीपासून सुरुवात केली तर १, २, ४, ८ अशा ३ घड्या पुरतात. ७ घड्या केल्या तर १२८ थर होतात, पण तसं या पात्यात झालेलं नाही. २.२५ मि.मी.मध्ये १२८ थर म्हणजे एकेक ०.०२ मि.मी.चा. ते डोळ्याला करडा धूसरपणा म्हणून दिसतील, रेषा म्हणून नाही.

पट्टा पात्याच्या दोन्ही पृष्ठांवर मोजा, एकाच धारेचा. एका पृष्ठावर ३ आणि दुसऱ्यावर १.५ आला तर गाभा मधून सरकलेला आहे. फारच सरकला तर नेमकी धार मऊ लोखंडाची होते. ठोकताना एका अंगाचा थर जास्त तापलेला असला की हा दोष हमखास येतो, मऊ अंग जास्त पसरतं.

निकष

गणित पटलं, पण दोन ठिकाणी हात आखडता घ्या.

एक, ८ उजळ थरांवरून थरांची संख्या कळते, घड्यांची नाही. सुरुवातीलाच लोखंड-पामोर-लोखंड-पामोर-लोखंड अशी पाच पट्ट्यांची चळत घेतली तर २, ४, ८, म्हणजे दोनच घड्या. नोंदीत ‘प्रत्येक अंगाला अंदाजे ८ उजळ थर’ एवढंच लिहावं.

दोन, पट्टा म्हणजे गाभाच असं धारेवरून ठरवू नका. धारेला पोलाद वेगळं जोडलं असेल तरी पट्टा दिसतो. गांजा सुटा निघत असेल तर तो देठावरून उतरवून पात्याच्या बुडाचा तळ पाहा. गाभा असेल तर त्या तळावर तीन पट्टे दिसतात: पामोर, मध्ये रेषा नसलेलं पोलाद, पुन्हा पामोर. बहुधा मधला पट्टा देठाच्या मुळातही शिरलेला असतो. हा तळ गांजाने झाकलेला असतो आणि तिथे उतार घासलेला नसतो, म्हणून तिथला पुरावा धारेपेक्षा भरवशाचा. मधला पट्टा तिथे १.५ मि.मी.पेक्षा जाड निघाला तर गोंधळू नका. बुडाकडे पातं कमी लांबवलेलं असतं, गाभाही तिथे जाडच राहतो.

पोलाद आणि पामोर यांच्या सीमेवर १० पटीच्या भिंगातून केसाएवढी फिकट रेघ दिसते का तेही बघा. जोड घालताना पोलादातला कार्बन शेजारच्या लोखंडात झिरपतो, शिवाय तापलेल्या पृष्ठभागावरून जळतोही. त्यामुळे जोडाच्या रेषेवर कार्बन कमी राहतो. अशी रेघ ही भट्टीतल्या जोडाची चांगली खूण.

राखणदार

आम्लाच्या प्रश्नाचं उत्तर: लावू नका.

पारंपरिक पद्धतीत आधी लिंबाच्या रसाने गंज काढून पातं पांढरं करतात, मग वारांगन म्हणजे आर्सेनिकचं खनिज लिंबाच्या रसात कालवून लावतात. लोखंड आणि पोलाद काळं पडतं, निकेलचे थर उजळ राहतात. तुमच्या पात्यावरचा उडालेला काळा रंग बहुधा तोच आहे. म्हणजे पृष्ठभागावर आर्सेनिक आहे असं धरूनच चाला. नायट्राइलचे हातमोजे घाला, कोरडं घासून धूळ उडवू नका, पुसलेले बोळे बंद पिशवीत टाका. अशा पात्यावर कुणी हायड्रोक्लोरिकसारखं तीव्र आम्ल ओतलं तर लोखंडातून सुटणारा हायड्रोजन आर्सेनिकशी मिळून आर्सिन वायू होऊ शकतो, आणि तो अगदी थोडाही घातक असतो.

फेरिक क्लोराइड हल्लीच्या सुऱ्यांना ठीक आहे, जुन्या केरिसला नाही. लोखंडात राहिलेल्या मळीच्या (भट्टीतल्या काचेसारख्या कचऱ्याच्या) तंतूंच्या पोकळ्यांत क्लोराइड अडकतं, धुऊन निघत नाही, आणि काही महिन्यांनी खालून गंज फुटतो. रंगही राखाडी येतो, वारांगनचा काळा नाही. मग पुढचा पाहणारा ‘मूळ पृष्ठभाग’ कशाला म्हणणार?

पाहणीसाठी एवढं पुरतं. ॲसिटोनने जुनं तेल पुसा, सुती बोळा दाबून फिरवायचा, रगडायचा नाही. खोलीत अंधार करून दिवा पात्याच्या पातळीपासून १० ते १५ अंशांवर ठेवा. आधी लांबीच्या दिशेने प्रकाश, मग आडवा. पामोरचे थर कमी गंजतात म्हणून ते किंचित उंच राहतात, तिरप्या उजेडात रंग नसला तरी उंचवटा दिसतो. शेवटी ॲसिटोन उडून गेल्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्या.

फटीत मात्र तेलही घालू नका, मेणही नाही. आधी तिची तपासणी होऊ द्या.

क्ष_किरण

अशनीबद्दल. उजळ रेषा म्हणजे निकेल, आणि निकेल म्हणजे अशनी, ही साखळी दोन्ही कड्यांवर तुटते.

निकेलशिवायही रेषा उठतात. फॉस्फरस जास्त असलेलं लोखंड आणि कमी असलेलं लोखंड एकत्र घडवलं तरी आम्लाने फिकट-गडद फरक पडतो. जावामध्ये अशा मंद नक्षीला पामोर सानक म्हणतात.

आणि निकेल असलं तरी ते जमिनीतलं असू शकतं. सुलावेसीतल्या लुवुचं लोखंड निकेलयुक्त खनिजांच्या भागातलं. लुवुचं नाव १३६५ सालच्या नागरकृतागम या जावाच्या काव्यातही येतं, आणि ते लोखंड समुद्रमार्गे द्वीपसमूहात विकलं जाई. मलय किनाऱ्यावरच्या पात्यात निकेल सापडलं तर पहिला संशय लुवुवर घ्यावा. प्रंबाननजवळ पडलेल्या अशनीचे तुकडे १८व्या शतकाच्या अखेरीस सुराकार्ताच्या राजवाड्यात नेले गेले, ते मुख्यतः मध्य जावाच्या दरबारी लोहारांच्या वाट्याचं. पुढे युरोपातून आलेलं शुद्ध निकेलही आहेच.

अशनीच्या लोखंडातली स्फटिकांची जाळीदार नक्षी शोधत बसू नका. ती जोडाच्या उष्णतेत आणि ठोकण्यात पूर्ण मोडते.

हातातलं क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं मोजणारं) मिळालं तर वापरा, पण आकडे असे वाचा:

सामान्य यंत्राचा ठिपका ३ ते ८ मि.मी.चा असतो. तुमच्या रेषांमध्ये अंतरच १.१ मि.मी. आहे. म्हणजे मिळणारा निकेलचा आकडा उजळ-काळ्या थरांची सरासरी आहे, पामोरचा स्वतःचा नाही. अंतिम आकड्यापेक्षा धारेच्या पट्ट्याशी तुलना कामाची. पट्ट्याची रुंदी ठिपक्यापेक्षा कमी असेल तर शिशाच्या पत्र्याला भोक पाडून झाकण करा. ते केलं तर शिशाची रेषा (पात्यावरची नव्हे, यंत्राच्या आलेखात मूलद्रव्य ओळखू देणारी) आकड्यांत घुसणार हे लक्षात ठेवा, कारण आर्सेनिकची मुख्य रेषा आणि शिशाची एक रेषा जवळजवळ एकाच ऊर्जेवर, १०.५ केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) आसपास येतात. आर्सेनिकसाठी ११.७ केईव्हीची रेषा पाहा.

अशनीच्या लोखंडात निकेलसोबत कोबाल्ट असतं, म्हणून लोक कोबाल्ट शोधतात. कोबाल्टची ६.९३ केईव्हीची रेषा लोखंडाच्या ७.०६ केईव्हीच्या रेषेत बुडते. ९० टक्के लोखंडात अर्धा टक्का कोबाल्ट या यंत्राने खात्रीने सांगता येत नाही, पडद्यावर आकडा दिसला तरी. शिवाय निकेलयुक्त खनिजातही कोबाल्ट असू शकतं. थोडक्यात, निकेल आहे की नाही एवढं कळेल, आणि ‘जवळपास शुद्ध निकेल’ हा पर्याय कदाचित बाद होईल. चिठ्ठीवरचं अशनी सिद्ध होणार नाही.

मँगनीज मात्र जरूर मोजा. जुन्या भट्टीत खनिजातलं मँगनीज मळीत जातं, लोखंडात नगण्य राहतं. १८५६ नंतरच्या बेसेमर आणि पुढच्या पद्धतींच्या पोलादात ते मुद्दाम घालतात, साधारण ०.३ ते ०.८ टक्के. धारेच्या पट्ट्यात असा आकडा आला तर १८व्या शतकाचा दावा तिथेच संपतो. फक्त गाभ्यातच मँगनीज आणि पामोरमध्ये नाही, असंही होतं: जुनं लोखंड, आणि पोलाद नंतरच्या काळातल्या कानशीचं किंवा स्प्रिंगचं.

लोहशोधक

गांजा निघाला. तळावर तीन पट्टे स्पष्ट आहेत, मधला २ मि.मी. आणि रेषाविरहित. देठाच्या मुळाशीही तो ५-६ मि.मी. दिसतो. धारेचा पट्टा एका पृष्ठावर ३, दुसऱ्यावर २.५.

लुकांचं पाहिलं. उजळ रेषा वळणांबरोबर वळतात, कुठेही तुटत नाहीत. म्हणजे लुक ठोकूनच केले, बरोबर ना?

ऐरण_घण

हो, रेषा वळणांबरोबर जातात म्हणजे तापवून वळवलेलं पातं. सरळ पट्टीतून कापलं असतं तर रेषा सरळ राहून धारेवर तुटल्या असत्या.

निकष

इथे असहमत. तुमचा नियम पामोर मिरिंगसाठी खरा आहे, जिथे थर पृष्ठभागाला उभे असतात. हे पातं म्लुमाहचं आहे, थर पृष्ठभागाला समांतर. सपाट थरांत दिसणारी रेषा म्हणजे थर आणि उतार जिथे छेदतात ती जागा. लाकडाची फळी तिरकी रंधली की रेषा रंध्याच्या मागे जातात, तसंच. सरळ पट्टीतून लुक कापून मग प्रत्येक वळणाला उतार दिला, तरी रेषा वळणांबरोबरच फिरतील, धारेचा पट्टाही एकसारखा येईल. तुमच्या निरीक्षणाने काहीच सिद्ध होत नाही.

म्लुमाहमध्ये पाहायचे ते मळीचे तंतू. जुन्या घडीव लोखंडात मळीच्या बारीक काळ्या रेघा असतात, त्या पातं लांबवताना लांबीच्या दिशेने ओढल्या जातात. तिसऱ्या-चौथ्या लुकाच्या कण्याजवळ, जिथे गंज कमी आहे, १० ते २० पटीच्या भिंगातून पाहा. तंतू वळणाबरोबर वाकलेले असतील तर लुक ऐरणीवर झाले. तंतू टोकाच्या दिशेने सरळ जाऊन वळणाच्या पोटात धारेवर संपत असतील तर कापलेले. तंतू अजिबात नसतील आणि पृष्ठभाग स्वच्छ एकजिनसी असेल तर प्रश्न वेगळाच होतो. ते लोखंड कारखान्याचं आहे, आणि पातं बहुधा नवं. मादुरातल्या सुमेनेपसारख्या ठिकाणी आज मोठ्या प्रमाणावर केरिस बनतात, त्यातले काही आम्लाने जुनाट केलेले बाजारात येतात. आम्लाने केलेला जुनाटपणा सगळीकडे सारखा खोल असतो. खरी झीज धारेवर, टोकाशी आणि म्यानात घासणाऱ्या जागी जास्त, बुडाच्या कोनाड्यांत कमी.

ऐरण_घण

मान्य, म्लुमाहला तो नियम लावणं चुकीचं होतं.

तंतूंसोबत कण्याची जाडी प्रत्येक लुकाच्या मध्यावर आणि दोन लुकांच्या सांध्यावर मोजा. वळवताना आतली बाजू फुगते, बाहेरची ताणली जाते. नंतरच्या घासणीने ते बरंच पुसलं जातं, तरी अंतर अनियमित राहतं, गांजाकडे लुक मोठे आणि टोकाकडे आखूड होत जातात.

लुक मोजताना दोन्ही बाजूंची वळणं आलटून पालटून, गांजापासून टोकाकडे. संख्या विषमच यायला हवी. सम आली तर बुडाजवळचं पहिलं उथळ वळण सुटलंय किंवा टोक झिजून लहान झालंय.

राखणदार

गांजाबद्दल एक छोटी सूचना. तो सुटा निघाला म्हणून मूळचा नाही असं नाही, सुटा गांजा हीच नेहमीची रीत. गांजा इरास, म्हणजे पात्यातूनच निघालेला, त्यावर सांधा वाटावा म्हणून नुसती रेघ कोरलेली असते. तुमच्या गांजावरच्या रेषांचं अंतर पात्याच्या बुडाशी जुळतं का पाहा. जुळलं तर एकाच पट्टीतला. त्यात पोलादी पट्टा नसला तर हरकत नाही, गांजाला धार लागत नाही. गांजातल्या देठाच्या भोकाच्या आतल्या कडेला दोरीसारखा पीळदार आटा दिसला तर ते आधुनिक ड्रिलने पाडलेलं किंवा मोठं केलेलं आहे.

क्ष_किरण

राहिली फट. धारेला समांतर, म्हणजे ती बहुधा पोलाद आणि पामोरच्या सीमेवर आहे. ती तिथेच असेल तर जोड नीट न बसल्याची खूण: मध्ये खपली (तापलेल्या धातूवर धरणारा ऑक्साइडचा थर) अडकली, किंवा तापमान कमी पडलं. निकेलच्या थराला लागून असली तर आश्चर्य नाही, निकेलवरची खपली लोखंडाच्या खपलीसारखी वितळून निघत नाही, म्हणून शहाणे लोहार निकेल नेहमी लोखंडाच्या पोटात ठेवतात. फट पट्ट्याच्या आतच, आणि धारेला आडवी असती, तर पाणी देताना पडलेली चीर म्हटलं असतं. अशा चिरा वळणाच्या पोटात जास्त पडतात.

क्ष-किरण चित्र काढणार असाल तर तंत्रज्ञाला हे आधी सांगा. ६ मि.मी. पोलादासाठी १५० ते २०० किलोव्होल्ट लागेल. निकेल आणि लोखंड क्ष-किरण जवळजवळ सारखेच अडवतात, म्हणून पामोरची नक्षी चित्रात येणार नाही. फक्त पोकळ्या आणि मळी येते. आणि पातं आडवं ठेवून वरून चित्र घेतलं तर ही फट दिसणारच नाही, कारण ती पृष्ठभागाला समांतर आहे आणि किरण तिला आरपार जातो. पातं ३० ते ४५ अंश कलवून दोन्ही बाजूंनी एकेक चित्र घ्या, फटीच्या जागी धारेकडून तिसरं. धारेकडून २४ मि.मी.पर्यंत धातू आड येतो, तिथे व्होल्टेज वाढवावं लागेल.